ट्रोपोनिन किती आलं?

१९६७ साली न्यूयॉर्कमधल्या थॉमस किलिप आणि जॉन किंबॉल या दोन डॉक्टरांनी हार्ट अटॅक येऊन दाखल झालेल्या २५० रुग्णांचा हिशेब प्रसिद्ध केला. कोण वाचेल आणि कोण नाही, हे आधी ओळखता येतं का, एवढाच त्यांचा प्रश्न. हाताशी साधनं म्हणजे स्टेथोस्कोप, बीपीचं यंत्र आणि स्वतःचे डोळे. छातीला स्टेथोस्कोप लावला आणि काही वावगं ऐकू आलं नाही, तर रुग्ण पहिल्या वर्गात. फुफ्फुसांच्या तळाशी बारीक चुरचुर ऐकू आली की दुसऱ्या. फुफ्फुसं पाण्यानं भरून दम लागलेला असेल, तर तिसऱ्या. बीपी कोसळलेलं, हातपाय गार, अंगाला घाम, तो चौथा. पहिल्या वर्गातले शंभरात ६ जण दगावले, दुसऱ्यातले १७, तिसऱ्यातले ३८ आणि चौथ्यातले ८१.

हे आकडे त्या काळचे. तेव्हा ॲन्जिओप्लास्टी नव्हती, रक्ताची गुठळी विरघळवणारी इंजेक्शनं सर्रास मिळत नव्हती. आज प्रत्येक वर्गातले मृत्यू खूपच कमी झाले आहेत. पण वर्गांची उतरंड तीच राहिली आणि किलिपची ही वर्गवारी आजही कार्डिॲक आयसीयूच्या केसपेपरवर लिहिली जाते. फुकट, दोन मिनिटांत होणारी, वीज गेली तरी अडत नाही. रक्तातून भविष्य सांगू पाहणाऱ्या प्रत्येक नव्या तपासणीची गाठ आधी या स्टेथोस्कोपशी पडते. कानाला, बोटांना आणि ईसीजीला जे आधीच कळलंय, त्याच्यापलीकडे तू काय सांगणार? आणि सांगितलंस, तर त्यानं उपचारात काय बदलणार? या प्रकरणात भेटणारी बहुतेक रसायनं पहिल्या प्रश्नाला कशीबशी उत्तर देतात आणि दुसऱ्यावर अडखळतात.

हृदयाला रक्त पुरवणारी एखादी धमनी गुठळीनं बंद झाली, की तिच्या वाट्याचा स्नायू उपाशी पडतो. अर्ध्या तासाच्या आसपास पेशी मरू लागतात. मेलेल्या पेशीचं आवरण फाटतं आणि आतला ऐवज रक्तात उतरतो. तो रक्तात शोधायचा, ही कल्पना १९५४ सालची. न्यूयॉर्कमध्ये जॉन लड्यू, फेलिक्स व्रोब्लेव्स्की आणि आर्थर कार्मेन यांनी दाखवलं, की अटॅकनंतर रक्तातलं एक एन्झाइम वाढतं. त्याचं नाव एसजीओटी. हो, आज लिव्हरच्या रिपोर्टमध्ये दिसतं तेच. इथेच त्याची अडचणही उघडी पडते. ते यकृतात असतं, हातापायांच्या स्नायूंतही असतं. कावीळ झाली तरी वाढणार. पुढे सीपीके आलं, मग त्याचाच हृदयाशी जास्त जवळचा प्रकार सीके-एमबी आला, पण पडून मार लागलेल्या किंवा मॅरेथॉन पळून आलेल्या माणसात तेही गोंधळ घालायचं.

ट्रोपोनिननं हा गोंधळ बराचसा मिटवला. जपानी शास्त्रज्ञ सेत्सुरो एबाशी यांनी १९६०च्या दशकात स्नायू आकुंचन कसा पावतो याचा शोध घेताना हे प्रथिन हुडकलं. रोगनिदान त्यांच्या डोक्यातही नव्हतं. ट्रोपोनिनचे तीन भाग असतात, त्यांतले टी आणि आय हे दोन भाग हृदयाच्या स्नायूत वेगळ्या घडणीचे असतात. दंडातलं ट्रोपोनिन आणि हृदयातलं ट्रोपोनिन वेगळं ओळखता येतं, ते यामुळे. जर्मनीत ह्यूगो काटुस यांच्या गटानं १९८९च्या सुमारास ट्रोपोनिन-टी मोजण्याची चाचणी बसवली.

पेशीतलं बहुतेक ट्रोपोनिन स्नायूच्या तंतूंना घट्ट चिकटलेलं असतं, थोडंसंच मोकळं तरंगत असतं. आवरण फाटलं की आधी हे मोकळं बाहेर पडतं; तंतू हळूहळू कुजतील तसं उरलेलं झिरपत राहतं. म्हणून आकडा काही तासांत चढतो, साधारण दिवसभरात शिखर गाठतो आणि आठवडाभर, कधी दोन आठवडे रक्तात रेंगाळतो. सीके-एमबी दोन-तीन दिवसांत जागेवर येतं. सोमवारी छातीत दुखलं, ॲसिडिटी समजून गोळी घेतली आणि शुक्रवारी दवाखान्यात आला, असा रुग्ण ट्रोपोनिनच्या तावडीतून सुटत नाही.

तालुक्याच्या गावातल्या लहान रुग्णालयात ही तपासणी बहुधा कार्डावर होते. बोटाएवढी पांढरी प्लास्टिकची पट्टी, एका टोकाला रक्ताचे थेंब टाकायला खळगा. पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. एक रेघ कार्ड नीट चाललं हे सांगणारी, दुसरी ट्रोपोनिन सापडल्याची. दुसरी रेघ ठसठशीत उमटली तर प्रश्नच नाही. पण ती अगदी फिकट असते तेव्हा डॉक्टर आणि सिस्टर कार्ड ट्यूबलाइटखाली तिरकं धरून आळीपाळीनं बघतात. आणि रेघ नसेल, तर घरचे सुटकेचा श्वास टाकतात, ‘अटॅक नाही म्हणे.’ दुखायला लागून तासच झाला असेल तर त्या कोऱ्या कार्डाला फारसा अर्थ नसतो. काही तासांनी पुन्हा रक्त घ्यावंच लागतं. ईसीजीत एसटी-एलिव्हेशनचा उघड मोठा अटॅक दिसत असेल, तर मात्र कार्डासाठी थांबणं ही चूकच. तिथे धमनी आधी उघडायची, आकडा मागून येऊ दे.

निदानाला ‘आहे की नाही’ पुरतं. भाकिताला ‘किती’ लागतं. १९९६ साली बोस्टनच्या एलियट अँटमन आणि सहकाऱ्यांनी ते दाखवलं. ईसीजीत उघड मोठा अटॅक न दिसणारे, पण छातीत दुखत असलेले १,४०४ रुग्ण त्यांनी घेतले आणि दाखल होतानाच्या रक्तातलं ट्रोपोनिन-आय मोजलं. एका मिलिलिटरमागे ०.४ नॅनोग्रॅमपेक्षा कमी असलेले ८३१ जण होते. ४२ दिवसांत त्यांतले ८ गेले. तेवढं किंवा जास्त असलेले ५७३. त्यांतले २१ गेले. म्हणजे १ टक्का आणि ३.७ टक्के. आकडा जसजसा चढला तसा मृत्यूही पायरी-पायरीनं चढला आणि ९ नॅनोग्रॅमच्या वर गेलेल्यांत ७.५ टक्क्यांवर पोचला.

साडेसात टक्के ऐकून पोटात गोळा येतो. पण त्याच वरच्या गटातले शंभरातले ब्याण्णव-त्र्याण्णव जण सहा आठवड्यांनी जिवंत होते. आकडा गटाचा असतो, खाटेवरचा माणूस एकटा असतो. आयसीयूबाहेरच्या बाकावर बसलेल्या मुलाला डॉक्टर ‘रिस्क आहे’ म्हणतात, तेव्हा त्या शब्दामागे हा एवढाच अर्थ असतो, त्याहून जास्त नाही.

या भाकितानं उपचारही बदलले, म्हणून ते टिकलं. २००१ साली क्रिस्टोफर कॅनन आणि सहकाऱ्यांनी अशाच २,२२० रुग्णांत दोन पद्धतींची तुलना केली: सगळ्यांची दोन दिवसांच्या आत ॲन्जिओग्राफी करून गरज दिसेल तिथे धमनी उघडायची, की आधी औषधं देऊन वाट बघायची. लवकर हात घालण्याचा फायदा झाला तो मुख्यतः ट्रोपोनिन वाढलेल्यांना. न वाढलेल्यांत तसा ठळक फरक दिसला नाही. कुणाला लगेच कॅथलॅबमध्ये न्यायचं आणि कुणाला थांबवलं तरी चालेल, याचं उत्तर एका नळीभर रक्तातून मिळू लागलं.

‘डॉक्टर, ट्रोपोनिन किती आलं?’ हा प्रश्न आता नातेवाईकही विचारतात आणि मोबाइलवर आलेला रिपोर्ट घेऊन दुसऱ्या कुणाच्या रिपोर्टशी ताडून बघतात. इथे एक सापळा आहे. गावातल्या लॅबनं ०.४८ लिहिलेलं असतं, शहरातल्या मोठ्या रुग्णालयानं ४८०. एका रात्रीत हजारपट वाढलं, म्हणून घरात रडारड. प्रत्यक्षात पहिला आकडा मिलिलिटरचा, दुसरा लिटरचा, दोन्ही एकच. त्यात एकानं टी मोजलेलं असतं, दुसऱ्यानं आय, आणि प्रत्येक कंपनीच्या किटची मोजपट्टी निराळी. भरीला, ॲन्जिओप्लास्टीनं धमनी उघडली की साचलेलं ट्रोपोनिन एकदम रक्तात धुऊन येतं आणि आकडा झपाट्यानं उसळतो. ती उसळी ही रक्त पुन्हा वाहू लागल्याची खूण असू शकते. मेव्हण्याचं किती होतं याच्याशी तुलना करण्यात अर्थ नाही. एकाच लॅबमधला, एकाच किटचा, काही तासांच्या अंतरानं घेतलेला चढउतार तेवढा बोलतो.

किट जितकी संवेदनशील होत गेली तितके नवे प्रश्न आले. आजची ‘हाय सेन्सिटिव्हिटी’ चाचणी धडधाकट माणसांतलंही ट्रोपोनिन मोजते. किडनीचा जुना आजार, रक्तातला जंतुसंसर्ग, फुफ्फुसात अडकलेली गुठळी, लांबचं पळणं, कशानंही ते थोडं वर जातं. स्कॉटलंडमधल्या दहा रुग्णालयांत ४८,२८२ रुग्णांवर या नव्या चाचणीचा अभ्यास झाला आणि २०१८ साली तो प्रसिद्ध झाला. ट्रोपोनिन वाढलेल्यांपैकी १७ टक्के रुग्ण असे होते, की जुन्या चाचणीनं ते हातून सुटले असते. एवढे जास्त रुग्ण सापडले, पण वर्षभरातले पुढचे अटॅक किंवा हृदयविकारानं होणारे मृत्यू काही कमी झाले नाहीत. सापडणं आणि वाचणं यांत अंतर असतं. कारण सापडलेल्यांतल्या बऱ्याच जणांना खरा गुठळीचा अटॅक नव्हताच. त्यांचं हृदय दुसऱ्या कुठल्या आजारात भरडलं जात होतं.

ट्रोपोनिन सांगतं किती स्नायू मेला. जो उरलाय त्याची अवस्था काय, हे सांगणारा रेणू वेगळा आहे, आणि मला स्वतःला तो जास्त रोचक वाटतो. १९८१ साली कॅनडातल्या किंग्स्टन इथे अडोल्फो दे बोल्ड यांनी उंदरांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क काढून दुसऱ्या उंदरांना टोचला. उंदरांना भरपूर लघवी होऊ लागली आणि तिच्यातून मीठही भरपूर बाहेर पडू लागलं. हृदय नुसता पंप नाही, ते संप्रेरक तयार करणारी ग्रंथीही आहे, हे त्या प्रयोगानं ठरलं. १९८८ साली जपानमध्ये सुदो आणि सहकाऱ्यांना तशाच जातीचं दुसरं संप्रेरक डुकराच्या मेंदूत सापडलं. तेच बीएनपी. नंतर कळलं, की ते सर्वाधिक बनतं ते हृदयाच्या खालच्या कप्प्यांत.

अटॅकनंतर काही भाग निकामी झाला, की उरलेल्या स्नायूवर ताण येतो. कप्प्यात रक्त तुंबतं, भिंत ताणली जाते. ताणलेली पेशी १०८ अमिनो आम्लांची एक साखळी बनवते आणि तिचे दोन तुकडे होतात. ३२ अमिनो आम्लांचा तुकडा म्हणजे बीएनपी. तो काम करतो, रक्तवाहिन्या सैल सोडतो, किडनीला मीठपाणी बाहेर टाकायला लावतो आणि पटकन नष्ट होतो. ७६ अमिनो आम्लांचा उरलेला तुकडा काही काम करत नाही, पण रक्तात जास्त टिकतो. रिपोर्टवर ‘एनटी-प्रोबीएनपी’ लिहिलेलं असतं ते हेच. मोजायला तोच सोयीचा.

२००१ साली जेम्स डी लेमोस यांच्या गटानं अटॅक किंवा अटॅकच्या उंबरठ्यावरचे २,५२५ रुग्ण घेतले. दुखायला लागल्यापासून सरासरी ४० तासांनी घेतलेल्या रक्तात त्यांनी बीएनपी मोजलं. बीएनपीनुसार चार गट पाडले, तर दहा महिन्यांतले मृत्यू गटागणिक वाढत गेले. वय, किडनी, ईसीजी, एवढंच काय ट्रोपोनिनही हिशेबात धरलं, तरी बीएनपीचं म्हणणं उरलंच. फुफ्फुसात चुरचुर ऐकू येण्याआधीचा ताण ते टिपत होतं. म्हणजे इथे रक्तानं स्टेथोस्कोपच्या पुढे खरंच एक पाऊल टाकलं. वाचताना एवढं लक्षात ठेवायचं, की वय वाढलं किंवा किडनी थकली की आकडा चढतो आणि लठ्ठ माणसात तो फसवा कमी येतो.

पण पुढे काय? हार्ट फेल्युअरच्या रुग्णांत हा आकडा खाली आणण्याचं लक्ष्य ठेवून औषधं वाढवायची, की नेहमीच्या पद्धतीनं तपासून द्यायची, याची परीक्षा अमेरिका आणि कॅनडात झाली. ८९४ रुग्णांनंतर ती मध्येच थांबवावी लागली, कारण दोन्ही गटांत फरक दिसेना. निकाल २०१७ साली आला. चांगला ज्योतिषी चांगला वैद्य असेलच असं नाही.

तिसरं नाव कोविडनं घराघरात पोचवलं: सीआरपी. १९३० साली न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते पहिल्यांदा दिसलं. शरीरात कुठेही दाह झाला की यकृत ते बनवतं, म्हणून त्याला अमुक एका अवयवाचं सोयरसुतक नाही. अटॅकनंतर मेलेला स्नायू साफ करायला पांढऱ्या पेशी धावतात, त्यामुळे दोन-तीन दिवसांत सीआरपी शिखरावर जातं. ज्यांचं ते पुढेही चढं राहतं, त्यांना दुसरा अटॅक येण्याचा धोका जास्त, हे अनेक अभ्यासांत दिसलं होतं. मग कुणीतरी विचारणारच होतं: दाह हाच गुन्हेगार असेल, तर दाहच कमी केला तर?

त्याची कसोटी २०१७ साली लागली. आधी अटॅक येऊन गेलेले आणि सीआरपी चढं असलेले १०,०६१ रुग्ण, आणि कॅनाकिनुमॅब नावाचं तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं महागडं इंजेक्शन. मधल्या डोसनं अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराचे मृत्यू मिळून १५ टक्क्यांनी कमी झाले. एकूण मृत्यू मात्र घटले नाहीत, आणि जिवावर बेतणारे जंतुसंसर्ग वाढले. मग नजर वळली स्वस्त, जुन्या औषधाकडे, संधिवाताच्या एका प्रकारात दिल्या जाणाऱ्या कोल्चिसिनकडे. पावसाळ्यात सह्याद्रीत कळलावीची लाल-पिवळी फुलं वेलींवर डुलतात. तिच्या बियांत आणि विषारी कंदात असतं तेच हे द्रव्य. २०१९ साली अटॅक येऊन महिना न झालेल्या ४,७४५ रुग्णांच्या अभ्यासात कोल्चिसिन घेणाऱ्यांत पुढच्या हृदयविकाराच्या घटना ५.५ टक्के झाल्या, न घेणाऱ्यांत ७.१. आनंद झाला. २०२४ साली ७,०६२ रुग्णांचा आणखी मोठा अभ्यास आला आणि त्यात काहीच फायदा दिसला नाही. त्यातली गंमत अशी, की कोल्चिसिन घेणाऱ्यांचं सीआरपी खरोखर उतरलं होतं. रिपोर्ट सुधारला, रुग्णाच्या नशिबात फरक पडला नाही.

तीन रेणू तीन वेगळ्या गोष्टी सांगतात, तर तिघांना एकत्र बसवलं तर? २००२ साली मार्क सबटीन आणि सहकाऱ्यांनी तेच केलं. ट्रोपोनिन, सीआरपी, बीएनपी यांतलं एक वाढलेलं, दोन वाढलेली की तिन्ही, एवढंच मोजलं. प्रत्येक वाढलेल्या रेणूमागे मृत्यूचा धोका जवळजवळ दुप्पट होत गेला. यानंतर जगभरच्या प्रयोगशाळांत नव्या रेणूंची अक्षरशः रांग लागली: गॅलेक्टिन-३, एसटी-२, कोपेप्टिन, जीडीएफ-१५. प्रत्येकाचा शोधनिबंध, प्रत्येकाचं किट.

या उत्साहावर २००६ साली अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या अभ्यासानं थंड पाणी ओतलं. त्यातले लोक अटॅकचे रुग्ण नव्हते, साधी गावातली माणसं होती, पण धडा इथेही लागू पडतो. ३,२०९ जणांचे दहा रेणू मोजले. पारख अशी: ज्याला पुढे हृदयविकार झाला असा एक आणि ज्याला झाला नाही असा एक, अशा शंभर जोड्या घ्या, त्यांतल्या किती जोड्यांत आपण धोक्याचा माणूस बरोबर ओळखतो? वय, बीपी, कोलेस्टेरॉल, साखर, धूम्रपान एवढ्यावरच ७६ जोड्या बरोबर येत होत्या. रेणूंची भर घातल्यावर ७७. एकाच चाळीतल्या दहा शेजाऱ्यांना विचारलं आणि सगळ्यांनी खालच्या बिऱ्हाडातून ऐकलेलीच बातमी सांगितली, तर साक्षी दहा झाल्या तरी माहिती एकच.

मला तर नव्या महागड्या रेणूंपेक्षा केसपेपरला टाचलेला जुना, स्वस्त रिपोर्ट जास्त बोलका वाटतो. क्रिएटिनिन चढलेलं, हिमोग्लोबिन नऊवर आलेलं, दाखल होतानाची साखर तीनशे: यातल्या प्रत्येकाचा संबंध पुढच्या मृत्यूंशी जोडला गेलेला आहे, आणि यातल्या प्रत्येकावर काहीतरी करता येतं. ॲन्जिओग्राफीचा डाय किडनीला जपून द्यायचा, रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा डोस बेतानं ठरवायचा, मधुमेह आवळायचा. जगभर वापरला जाणारा ‘ग्रेस’ स्कोअर आठ गोष्टी विचारतो: वय, नाडी, वरचं बीपी, क्रिएटिनिन, किलिपचा वर्ग, दाखल होताना हृदय बंद पडलं होतं का, ईसीजीत एसटीचा बदल, आणि ट्रोपोनिनसारखा रेणू वाढलाय का. आठांत रक्ताच्या दोनच, आणि ट्रोपोनिनचं उत्तर तिथे नुसतं हो किंवा नाही.

भारतात या आठांच्या बाहेरची एक गोष्ट मोजली गेली आहे. बेंगळुरूच्या डेनिस झेवियर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या ‘क्रिएट’ नोंदणीत देशातल्या ५० शहरांमधल्या ८९ रुग्णालयांतले २०,९३७ रुग्ण होते. दुखायला लागल्यापासून मोठ्या अटॅकचा रुग्ण रुग्णालयात पोचायला लागणारा मध्यम वेळ ३६० मिनिटं. सहा तास. पोचल्यावर गुठळीचं इंजेक्शन मिळायला साधारण ५० मिनिटं लागत होती. वेळ गेला होता तो दाराबाहेर. तीस दिवसांत गरीब रुग्णांतले ८.२ टक्के दगावले, श्रीमंतांतले ५.५ टक्के. वय, मधुमेह, आधीचे आजार यांचा हिशेब धरून संशोधकांनी आकडे पुन्हा मांडले, तरी हा फरक गेला नाही. कोणाला कोणते उपचार मिळाले हे हिशेबात धरल्यावर मात्र तो नाहीसा झाला. श्रीमंतांतल्या १५.३ टक्के रुग्णांची ॲन्जिओप्लास्टी झाली होती, गरिबांतल्या २ टक्क्यांची. आणि कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळ्या श्रीमंतांतल्या ६१.२ टक्के रुग्णांना मिळत होत्या, गरिबांतल्या ३६ टक्क्यांना.